बॅकहोचा आर्म पट्टीच्या कडेलाच पुन्हा तडकला, आता काय करावं?

कळवा_खोदकाम

नमस्कार मंडळी. बॅकहो लोडरच्या मागच्या आर्मला, म्हणजे डिपरला क्रॅक आहे. बूमच्या, म्हणजे आर्मला धरणाऱ्या मोठ्या हाताच्या पिनपासून साधारण दीड फूट खाली, मशीनकडे तोंड करून असलेल्या प्लेटवर. तिथे आधी बारीक चीर होती म्हणून फॅब्रिकेटरने वरून १२ मिमीची चौकोनी पट्टी चारही बाजूंनी वेल्ड करून मारली. दोन महिन्यांत पट्टीच्या खालच्या कडेला लागून नवीन क्रॅक गेला. आता तो अंदाजे १४० मिमी लांब आहे आणि कोपऱ्यावरून बाजूच्या प्लेटमध्ये वर चढलाय. आर्मची मूळ प्लेट १० मिमी आहे. काम पारसिकच्या बाजूला काळ्या दगडात, निम्मा वेळ बकेटऐवजी दगड फोडायचा ब्रेकर लावलेला. फॅब्रिकेटर म्हणतो अजून मोठी, १६ मिमीची पट्टी मारू. मला ते पटत नाही. आर्म वाचेल का? वाचणार असेल तर नीट पद्धत सांगा.

तळोजा_वेल्डशॉप

दादा, १६ मिमीची पट्टी अजिबात मारू देऊ नका. पट्टी कमी पडली म्हणून हा क्रॅक गेलेला नाही, पट्टीमुळेच गेलाय. खोदताना दाते मशीनकडे ओढले जातात आणि जमीन त्यांना बाहेर ढकलते. म्हणून आर्मची मशीनकडची प्लेट प्रत्येक घासाला ताणली जाते. त्या ताणाला आडवा, सरळ वेल्ड मारला की पट्टी संपते तिथे जाड भाग एकदम पातळ होतो आणि सगळा ताण वेल्डच्या पायथ्याशी गोळा होतो. पट्टी जितकी जाड, तितका तो फरक मोठा. १६ मिमी मारलीत तर पुढचा क्रॅक तिच्या कडेला जाईल, तोही लवकर.

आधी जुनी पट्टी काढा. गॅस कटरने काढू नका, मूळ प्लेटमध्ये खाचा पडतात. वेल्ड ग्राइंडरने किंवा गाउजिंगने (आर्कने धातू वितळवून उडवणं) खाऊन पट्टी सुटी करायची आणि खालची प्लेट चकचकीत होईपर्यंत घासायची. मग क्रॅकची खरी लांबी शोधा. डोळ्याला दिसते त्यापेक्षा ती नेहमी जास्त निघते. डाय पेनेट्रंटचं, म्हणजे चिरेत मुरणाऱ्या रंगाचं तीन कॅनचं किट घ्या. साफ करा, लाल डाय मारून १० ते १५ मिनिटं थांबा, कापडाने पुसा, पांढरा डेव्हलपर मारा. लाल रेष जिथे संपते ते टोक. किट नसेल तर रॉकेल मुरवून कोरडं पुसा, खडूची पूड चोळा आणि बाजूला हातोडीने हलके ठोके द्या. खडूवर ओली रेष उमटते. टोकाच्या ८–१० मिमी पुढे, क्रॅकच्याच रेषेत ८ मिमीचं भोक पाडा, म्हणजे गरम करताना क्रॅक पुढे पळणार नाही. क्रॅकला दोन टोकं आहेत, बाजूच्या प्लेटमधलं विसरू नका.

जमलं तर आर्म उतरवूनच काम करा. पिना काढून तो लाकडी ठोकळ्यांवर पालथा ठेवला की वेल्ड सपाट बसतो. मशीनवर लटकत्या आर्मला खालून मारलेला वेल्ड आणि सपाट मारलेला वेल्ड यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

क्रॅक पूर्ण जाडीभर खाऊन काढायचा. ६० अंशाची व्ही आकाराची खाच, खाली २.५ ते ३ मिमी फट. क्रॅकचा एक केसही आत राहिला तर वरचा सगळा वेल्ड फुकट, म्हणून व्ही झाल्यावर पुन्हा डाय मारून बघा. वेल्डिंगचा रॉड ७०१८, लो हायड्रोजन, म्हणजे वेल्डमध्ये हायड्रोजन कमी सोडणारा. ६०१३ या कामाचा नाही. ७०१८ ओव्हनमध्ये ३००–३५० अंशांवर एक ते दोन तास भाजायचा आणि गरम डब्यातून एकेक काढून वापरायचा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघडं पाकीट ओलावा ओढतं, तोच हायड्रोजन होऊन वेल्डमध्ये शिरतो आणि एक-दोन दिवसांनी बाजूला चीर पाडतो. मशीन डीसी घ्या, रॉड पॉझिटिव्हला. साध्या ट्रान्सफॉर्मरवर ७०१८ नीट धरत नाही.

प्लेट १०० अंशांच्या आसपास गरम करा, व्हीच्या दोन्ही बाजूंना ७५ मिमीपर्यंत, टेम्परेचर चॉकने (ठराविक तापमानाला वितळणारा खडू) तपासा. रूटला, म्हणजे व्हीच्या तळातल्या पहिल्या थराला २.५ मिमी रॉड, ८० ते ९० अँपिअर. पुढे ३.१५ मिमी, ११० ते १३०. रॉड फार झुलवायचा नाही, बारीक सरळ पास मारायचे आणि प्रत्येक पासनंतर स्लॅग (वर जमणारं कवच) पूर्ण काढायचा. कोपऱ्यावर कधीही सुरुवात किंवा शेवट करू नका, वळसा घेऊन पुढे जा. क्रॅकच्या टोकांना पाडलेली भोकंही भरून घ्या. झालं की कोरड्या ब्लँकेटखाली हळू थंड होऊ द्या, पाणी मारू नका.

आणि एक गोष्ट जी बहुतेक जण सोडतात. वेल्डचा फुगवटा प्लेटच्या पातळीत घासा आणि ग्राइंडरचे ओरखडे आर्मच्या लांबीच्या दिशेने पडू द्या. आडवा ओरखडा म्हणजे पुढच्या क्रॅकची आयती सुरुवात. ४८ तासांनी पुन्हा डाय मारा, मगच काम सुरू करा.

पट्टी हवीच असेल तर ८ मिमी, आयएस २०६२ ई३५० या जास्त ताकदीच्या पोलादी प्लेटची. दोन्ही टोकं माशाच्या शेपटीसारखी कापा, कोपरे गोल करा, म्हणजे वेल्ड तिरका उतरतो आणि आडवी रेष कुठेच राहत नाही. दुरुस्त केलेल्या जागेच्या बऱ्याच पुढे ती न्या. बाजूच्या प्लेटवरही पट्टी लावणार असाल तर दोन्हींची टोकं एकाच उंचीवर संपवू नका.

महापे_लाईनबोरिंग

वरचं सगळं बरोबर. पण पिनांचा प्ले (ढिलेपणा) बघितला का? बकेट जमिनीवर हलकी टेकवा, पहारीने आर्म उचलून सोडा आणि डायल गेज लावून मोजा. पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, यांच्यात एक मिमीच्या वर प्ले असेल तर ब्रेकरचा प्रत्येक ठोका आर्मवर घणासारखा बसतो आणि वेल्ड कितीही चांगला असला तरी थकतो. पिन काढून व्हर्नियरने बुश उभा आणि आडवा, दोन्हीकडून मोजा. नुसता बुश झिजला असेल तर तो बदला, पिन खाचली असेल तर तीही. आर्मचा बॉसच, म्हणजे बुश बसतो ते जाड कडंच अंडाकृती झालं असेल तर वेल्डने भरून लाईन बोरिंग (दोन्ही भोकं एका रेषेत पुन्हा कोरणं) करावं लागेल.

क्रम मात्र उलटा करू नका. आधी क्रॅकचं वेल्डिंग, मग बोरिंग. वेल्ड थंड होताना आर्म ओढतो, आधी बोअर केलंत तर दोन भोकं एका रेषेत राहत नाहीत. नवा बुश हातोडीने ठोकू नका. कोरड्या बर्फात आकसवून किंवा प्रेसने बसवा आणि ग्रीसचं भोक निपलसमोर आलंय का ते बघा. ते चुकलं तर ग्रीस आत जातच नाही आणि बाहेरून कळतही नाही. आर्म आणि बूमच्या कानांमध्ये (पिन जाते त्या प्लेटांमध्ये) शिम, म्हणजे पातळ चकत्या घालून आडवा प्ले एक मिमीच्या आत आणा.

ग्रीस दर १० तासांनी, ब्रेकर चालू असेल तर पाळीत दोनदा. बकेट जमिनीवर टेकवून पिनवरचा भार काढा, मगच गन मारा, नाहीतर दाबल्या गेलेल्या बाजूला ग्रीस पोहोचत नाही. उलवे-उरणकडे खाडीच्या चिखलात काम असेल तर कडेने स्वच्छ ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा.

कळवा_खोदकाम

खूप आभार. प्ले आजच मोजला, बूमच्या पिनला जवळजवळ दोन मिमी निघाला. आर्म उतरवायला सध्या क्रेन नाही. मशीनवरच वेल्डिंग करावं लागलं तर काय सांभाळायचं? आणि ऑपरेटरला नक्की काय सांगू?

महापे_लाईनबोरिंग

दोन मिमी खूप झाला. फक्त वेल्ड करून मशीन कामाला लावू नका, पिन-बुश याच वेळी करून घ्या.

तळोजा_वेल्डशॉप

मशीनवर करायचं असेल तर स्टॅबिलायझर खाली, आर्म ठोकळ्यांवर टेकवलेला, इंजिन बंद, लिव्हर हलवून हायड्रॉलिक जॅकमधलं प्रेशर सोडलेलं. नुसत्या हायड्रॉलिकवर उचललेल्या आर्मखाली कोणीही जायचं नाही. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, कंट्रोल युनिट असेल तर त्याचाही प्लग काढा. अर्थिंगचा क्लॅम्प आर्मलाच, वेल्डपासून फूटभर अंतरावर, रंग घासून लावा. क्लॅम्प चेसिसला लावलात तर करंट पिन-बुशमधून जातो आणि आत ठिणग्यांचे खड्डे पडतात. जॅकचे रॉड ओल्या पोत्याने झाका, एक ठिणगी चिकटली तरी सील कापलं जातं. होज पाईप बाजूला घ्या. आर्म आतून पोकळ असतो आणि क्रॅकमधून त्यात तेल-ग्रीस गेलेलं असतं. बंद पेटीत त्याची वाफ साठून पेट घेऊ शकते, म्हणून गरम करण्याआधी आतलं धुऊन काढा आणि हवा जायला वाट ठेवा.

ऑपरेटरला सांगायचं ते एवढंच: बकेट बाजूला फिरवून माती लोटायची नाही, त्याने आर्म पिळतो. ब्रेकरच्या छिन्नीने दगड उचकटायचा नाही. जॅक पूर्ण उघडा किंवा पूर्ण मिटलेला असताना ब्रेकर चालवायचा नाही, दोन्ही टोकांना ५० ते १०० मिमी स्ट्रोक शिल्लक ठेवायचा. १५–२० सेकंदांत दगड फुटला नाही तर जागा बदलायची. बकेट जमिनीत रुतलेली असताना मशीन पुढे-मागे चालवून ओढायची नाही.

मशीन धुतल्यावर आर्मकडे नीट बघायची सवय लावा. सगळा आर्म वाळतो तरी एखादी रेष ओली राहते, किंवा रंगावर लालसर गंजाची बारीक ओळ उतरते. पहिले ५० तास रोज बघा, नंतर आठवड्याला. आणि क्रॅक दोन्ही बाजूच्या प्लेटमध्ये निम्म्याच्या वर चढला असेल, किंवा दोन्ही टोकांच्या बॉसमध्ये दोरी ताणून बघताना आर्म पिळलेला दिसला, तर दुरुस्तीवर पैसे घालू नका, दुसरा आर्म बघा. एकाच बाजूच्या प्लेटमध्ये असेल तर तुमचा आर्म वाचतो.