माळावरचं पिवळं झुडूप तरवडच ना? आणि हे वाटाण्याच्या कुळात कसं?

बार्शीची_माती: नमस्कार मंडळी. आमच्या शेताच्या वरच्या अंगाला मुरमाड माळ आहे, तिथे पाऊस उघडला की कमरेएवढी झुडपं पिवळ्या फुलांनी नुसती भरून जातात. घरात सगळे तरवड म्हणतात, नवरात्रात घटाला याच फुलांची माळ असते. आता मुलीला शाळेसाठी झाडांची वही करायचीय तर मोबाईलमधलं ॲप एकदा टाकळा दाखवतं, एकदा बहावा. आणि दुसरं म्हणजे कूळ फॅबेसी, म्हणजे वाटाण्याचं. शेंगा येतात हे मान्य, पण फुलाला पाच सुट्या पाकळ्या, वाटाण्याच्या फुलाशी काही म्हणजे काही मेळ नाही. कोणी नीट सांगेल का? फोटो टाकलेत, पानाचा पण आहे.

रानवाटा: ताई तरवडच आहे, शंभर टक्के. शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा, जुन्या पुस्तकांत कॅशिया ऑरिक्युलाटा मिळेल, झाड तेच. फुलावरून ओळखायला गेलात की गोंधळ होणारच कारण या गोतावळ्यात सगळेच पिवळे, त्यामुळे आधी पान बघा. तुमच्या तिसऱ्या फोटोत देठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखी गोलसर हिरवी उपपर्णं आहेत बघा, चांगली मोठी, आणि ती गळून न पडता तशीच राहतात. ही खूण दिसली की विषय संपला. मग पान उलटंसुलटं करून मधल्या शिरेवर नजर टाका, पर्णिकांच्या, म्हणजे पानातल्या छोट्या पानांच्या, साधारण 8 ते 12 जोड्या असतात आणि जोडीजोडीच्या मध्ये एक बारीक उभी ग्रंथी असते. मुलीला भिंग द्या, तिला फार आवडेल. टाकळ्याला पर्णिका फक्त 3 जोड्या आणि शेंग बारीक लांब, शिवाय तो पावसाळी, वर्षभरात संपणारा. बहावा तर झाडच, घोस खाली लोंबतात आणि शेंग गोल नळीसारखी. तरवडाची शेंग चपटी, कागदासारखी पातळ, बी कुठे कुठे आहे ते बाहेरून फुगवट्यावरून कळतं.

परागकण: कुळाचं मी सांगतो, हा प्रश्न खूप जणांना पडतो आणि शाळेत कोणी सांगत नाही. फॅबेसी खूप मोठं कूळ आहे आणि त्यात उपकुळं आहेत, 2017 च्या नव्या मांडणीनुसार 6. वाटाणा, हरभरा, तूर, पळस यांचं उपकूळ वेगळं आणि तरवड, बहावा, गुलमोहर, शंकासूर यांचं वेगळं, त्याला सिसालपिनिऑइडी म्हणतात, बाभूळ-लाजाळू पण आता त्यातच धरतात. सगळ्यांना जोडणारा धागा म्हणजे शेंग, फुलाचा आकार नाही. उघडायच्या बेतात असलेली एक कळी घ्या आणि हळूच पाकळ्या सोडवा. तरवडात वरची पाकळी सगळ्यांत आत असते, बाकीच्या तिला झाकतात. वाटाण्यात बरोब्बर उलटं, वरची मोठी पाकळी सगळ्यांच्या बाहेर. वहीत दोन्ही कळ्यांची चित्रं शेजारी शेजारी काढली तर बाई खूश होतील.

आणि पुंकेसर मोजायला सांगा. 10 असतात पण वरचे 3 खुरटलेले, बिनकामाचे, खालचे सगळ्यांत लांब. परागकोश उभे फाटत नाहीत, टोकाला छिद्रं असतात आणि पराग तिथूनच बाहेर येतो. या फुलात मध नाहीच. भुंगा येऊन फुलाला लटकतो आणि अंग थरथरवतो, तेव्हा छिद्रातून पराग त्याच्या अंगावर सांडतो. सकाळी झुडपाजवळ शांत उभं राहिलं तर फुलावर बसल्यावर त्याच्या गुणगुणीचा आवाज बदलतो तो चक्क ऐकू येतो!!

सोलापूरकर_७२: आमच्याकडे सोलापुरात तेलुगू मंडळी खूप, ते याला तंगेडू म्हणतात आणि बतुकम्मा, म्हणजे त्यांच्या सणाला फुलांची रास करतात ती, रचताना हे फूल लागतंच लागतं. तेलंगणाचं राज्यफूलच आहे हे. पूर्वी कातडी कमवायला तरवडाची साल वापरायचे, टॅनिन भरपूर असतं त्यात. आता माळ सपाट करायला जेसीबी लागला की पहिला जातो तो तरवडच, कोणाला काही वाटत पण नाही याचं वाईट वाटतं. ताई, तुमच्याकडे आहे तो राखा.

बार्शीची_माती: खूप खूप धन्यवाद सगळ्यांना! उपपर्णं आत्ता जाऊन बघून आले, अगदी तशीच आहेत आणि ग्रंथींवर मुंग्या फिरत होत्या. आमचा माळ राखणारच. बांधावर पण लावायचा विचार आहे, शेंगवर्गी आहे तर जमिनीला नत्र पण मिळेल ना?

रानवाटा: ताई, नत्राची आशा ठेवू नका, सेन्नाच्या मुळांवर तूर-हरभऱ्यासारख्या नत्र धरणाऱ्या गाठी होत नाहीत. पण बांधाला एकदम योग्य, पाणी फार मागत नाही, मुरमात टिकतो आणि माती धरून ठेवतो. शेंगा तपकिरी होऊन वाळल्या की बी काढा. कवच टणक असतं म्हणून गरम पाण्यात टाकून रात्रभर तसंच राहू द्या, फुगलेलं बी तेवढं पिशवीत लावा आणि जूनच्या पावसाला रोप बांधावर न्या. मोठं झाड उपटून हलवू नका, मूळ खोल जातं, जगत नाही.

परागकण: मुंग्यांचं पण लिहा वहीत. फुलात मध नाही पण पानावरच्या त्या ग्रंथींत गोड रस असतो, त्यासाठीच येतात त्या.