भर उन्हात सोलर पॅनेलचं व्होल्टेज उतरतं कसं?

पत्र्यावरचा:
माझ्याकडे १०० वॅटचं, ३६ सेलचं मोनो पॅनेल आहे. दोन दिवस खोलीतच पडून होतं. काल दुपारी पत्र्यावर सपाट ठेवलं आणि लोड न जोडता लगेच मीटर लावला: २१.८ व्होल्ट. मीटर काढायचा कंटाळा केला म्हणून बघत बसलो, तर आकडा डोळ्यांदेखत उतरायला लागला. २१.५, २१.१, २०.६... वीस मिनिटांत १९.६ वर येऊन थांबला. आभाळ निरभ्र, कुठे सावली नाही. शॉर्ट सर्किट करंट (दोन्ही टोकं थेट जोडल्यावरचा) मात्र ६.०२ वरून ६.०९ अँपिअर झाला. पॅनेल खराब निघालं का?

घाईतला:
कनेक्टर सैल असणार. पिना घासून बघा.

सोल्डरधूर:
कनेक्टर नाही हो. लोडच नाही तर करंट जवळजवळ शून्य, मग सैल जोडावर दोन व्होल्ट पडतील कसे? पॅनेल तापलंय, एवढंच.

ऊन म्हणजे उजेडही आणि तापही. पॅनेलला पहिला हवा, दुसरा नको. सिलिकॉनचा एक सेल दर अंशाला साधारण २.२ मिलिव्होल्ट गमावतो; ३६ सेलचे झाले ७९. तुमचे २.२ व्होल्ट गेले, म्हणजे पॅनेल २८ अंशांनी तापलं. नकळत तुम्ही पॅनेलचा थर्मामीटर केलात!

कारण असं: भोक पडलेल्या बादलीत नळ सोडलाय असं समजा. नळ म्हणजे उजेड, पाण्याची पातळी म्हणजे व्होल्टेज. जितकं येतं तितकंच भोकातून जायला लागलं की पातळी थांबते. तापमानाने हे भोक मोठं होतं, आणि तेही जोरात: जंक्शनमधली, म्हणजे सेलच्या दोन थरांच्या सांध्यातली, गळती दर दहा अंशांना ढोबळमानाने दुप्पट होते. नळ तोच, पातळी खाली.

करंट वाढला कारण तापल्यावर बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, किंचित आक्रसतो आणि थोडा जास्त अवरक्त प्रकाश पकडला जातो. पण ही वाढ अंशाला ०.०५ टक्के, आणि पॉवरची घट ०.३५ ते ०.४. व्यवहार तोट्याचाच. लेबलवरचे १०० वॅट सेल २५ अंशांवर असतानाचे असतात, हवा नव्हे. तुमचं पॅनेल ५६ च्या आसपास गेलं असेल तर भर दुपारीही ८८ च्या वर अपेक्षा ठेवू नका. हेटरोजंक्शन नावाच्या वेगळ्या बनावटीच्या सेलमध्ये पॉवरची ही घट अंशाला पाव टक्क्याच्या आसपास असते.

जुनी_तार:
उलटी बाजूही सांगतो, मी तिथेच पोळलोय. ४९ व्होल्टची वीस पॅनेलं सिरीजमध्ये लावली, ९८० झाले, इन्व्हर्टर कमाल १००० व्होल्टचा. कागदावर चोख. हिवाळ्यात पारा शून्याजवळ असताना ऊन चढलं आणि इन्व्हर्टरने ओव्हरव्होल्टेज दाखवून मान टाकली. गार सेल जास्त व्होल्टेज देतो, हे मला माहीत होतं, पण हिशोबात धरलं नव्हतं. एक पॅनेल काढलं तेव्हा सुटका झाली.

आणि पत्र्याला चिकटवून ठेवू नका, खालून वारा लागू द्या. गार पाणी मात्र तापल्या काचेवर ओतू नका.

पत्र्यावरचा:
आज दोन लाकडी पट्ट्यांवर वीतभर उचलून ठेवलं. तीच वेळ, तसंच ऊन. आकडा २०.० वर थांबला. म्हणजे पाच अंश वाचले, बरोबर ना?

सोल्डरधूर:
बरोबर. आता पट्ट्या खिळ्यांनी पक्क्या करा, वाऱ्याने उडायचं.