सेलविंड: पहिली व्यापारी फेरी कशी आखावी?

प्रश्न: मी सेलविंड या शिडाचे जहाज चालवण्याच्या संगणक-खेळात अल-अंख या द्वीपसमूहातील ढाऊवरून (एक प्रकारच्या शिडाच्या जहाजावरून) नुकतीच सुरुवात केली आहे. नकाशावर स्वतःचे स्थान दिसत नसल्याने बंदर सोडताच दिशा चुकते आणि वारा समोरून आला की जहाज थांबते. काय करावे?

प्रतिसाद १: थेट वाऱ्याच्या तोंडावर शिडाचे कोणतेच जहाज चालत नाही, म्हणून वारा कधी डाव्या, कधी उजव्या बाजूने घेत नागमोडी मार्गाने पुढे सरकावे लागते. शिडाची दोरी हळूहळू सैल सोडा आणि कड फडफडू लागली की फडफड थांबेपर्यंतच ती आवळा. त्याहून अधिक आवळल्यास जहाज नुसते कलते, वेग वाढत नाही. एवढे हाताला बसले की निम्मे काम झाले, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद २: निघण्यापूर्वी नकाशावरून होकायंत्राची दिशा ठरवा. आरंभी जवळच्या बेटांपुरतीच माल पोहोचवण्याची कामे घ्या. त्यातून पत वाढते आणि मोठी कामे मिळू लागतात. प्रत्येक द्वीपसमूहाचे चलन वेगळे आहे, हेही ध्यानात असू द्या.

प्रतिसाद ३: पिण्याचे पाणी मात्र आधी भरून घ्या, माल नंतर.