निम्मं रक्त, निम्मे संस्कार?
'स्वभाव निम्मा रक्तातून, निम्मा संस्कारांतून' असं कुणीतरी लिहिलंय. 2015 सालच्या जुळ्यांवरच्या मोठ्या एकत्रित अभ्यासात आनुवंशिकता सगळ्या गुणांची मिळून सरासरी 49 टक्के निघाली खरी, पण तो आकडा माणसामाणसांतल्या फरकात रक्ताचा वाटा किती याचा, एकट्यादुकट्याच्या स्वभावाची वाटणी नव्हे. आमच्या तासगावातल्या द्राक्षबागांचं बघा. डॉगरिजच्या (मुळांसाठी लावायची द्राक्षाची जात) खुंटावर एकाच वेलाच्या थॉमसन या द्राक्षजातीच्या काड्यांचं कलम भरलं. एका बागेत घड झकास, शेजारच्या पाणी साचणाऱ्या रानात फुटवासुद्धा धड नाही. जात एकच, तेव्हा फरक सगळा रानाचा नि राखणीचा. त्याच रानात चार जाती लावा, फरक बहुतेक जातीचा! (पोरगं चिडलं की 'मामावर गेलंय' म्हणणाऱ्यांना कोण सांगणार?) आणि संस्कारांचं म्हणाल, तर एका घरात वाढलेली दत्तक भावंडं मोठेपणी स्वभावानं फारशी सारखी निघत नाहीत.