भारतातही सॅलॅमँडर आहे की!

काहींना वाटतं की सॅलॅमँडर, म्हणजे बेडकासारखाच पण शेपूटवाला उभयचर प्राणी, भारतात नाहीच. असं कसं? दार्जिलिंगजवळ जोरपोखरीला तर खास त्याच्यासाठी अभयारण्य आहे. वरवर पाहिलं तर पालच वाटेल, पण अंगावर खवले नाहीत. कातडी तपकिरी, खडबडीत, पाठीच्या दोन्ही कडांना गाठींची रांग आणि शेपूट चपटी. पावसाळ्यात मादी पाणवनस्पतींना अंडी चिकटवते. पिल्लांच्या डोक्यामागे पाण्यात श्वास घ्यायचे झुपकेदार कल्ले बाहेर लोंबतात. गंमत म्हणजे बेडकाच्या पिल्लाला आधी मागचे पाय दिसू लागतात, याला मात्र पुढचे! शिवाय बेडकाच्या पिल्लासारखं शेवाळ वगैरे खाणं नाही, स्वारी पहिल्यापासून मांसाहारी. मोठेपणी कल्ले जातात, शेपूट राहते. थंडीत तो दगडांखाली दडून बसतो, त्यामुळे बघायचाच असेल तर जून-जुलैत जा.