लहान कॅबिनेटमधला हॅकिंटॉश : बांधणीचे आणि अपग्रेडचे अनुभव

ॲपलने जून २०२५ मध्ये जाहीर केले की मॅकओएस २६, म्हणजेच टाहो, ही इंटेल प्रोसेसरवर चालणारी शेवटची आवृत्ती असेल. २००६ मध्ये ॲपलचे संगणक इंटेलवर आले आणि त्या सुमारास हौशी मंडळींनी साध्या पीसीवर मॅकओएस चालवण्याचा, म्हणजे हॅकिंटॉश बांधण्याचा, जो उद्योग आरंभला, त्याला यामुळे आता मुदत पडली आहे. ज्यांनी अशी यंत्रे बांधली आणि वर्षानुवर्षे चालती ठेवली, त्यांचे अनुभव एका जागी यावेत म्हणून हा धागा काढत आहे. मोठ्या टॉवरविषयी पुष्कळ लिहून झाले आहे; येथे मिनी-आयटीएक्स या लहान आकाराच्या मदरबोर्डाची यंत्रे आणि कंपन्यांतून निघालेले, एक लिटर आकारमानाचे छोटे संच एवढ्यापुरतेच बोलावे. पहिल्यांदा बूट झाल्याचा आनंद सर्वांनाच ठाऊक आहे. त्यापेक्षा आवृत्ती बदलताना काय तुटले आणि ते कसे सांधले, हे तपशिलात लिहिलेत तर इतरांच्या अधिक उपयोगी पडेल.

एक गोष्ट आधीच नोंदवतो. मॅकओएसच्या परवान्यानुसार ती ॲपलच्याच यंत्रावर बसवायची असते. सायस्टार नावाच्या अमेरिकी कंपनीने २००८ मध्ये अशी यंत्रे विकायला काढली, तेव्हा ॲपलने तिच्यावर खटला भरला आणि २००९ मध्ये निकाल ॲपलच्या बाजूने लागला. त्यामुळे यंत्रे बांधून विकण्याची चर्चा या धाग्यावर नको.

धागाकर्ता, पुणे

सुरुवात माझ्यापासून करतो. व्हिडिओ संकलनासाठी मला फायनल कट प्रो हवे होते आणि ते तेव्हा मॅकओएसखेरीज कशावरही चालत नव्हते. २०१९ मध्ये आठव्या पिढीचा आय-७ ८७००, झेड३९० चिपसेटचा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड आणि एसएफएक्स या लहान आकाराचा एसएमपीएस (वीजपुरवठा) असा संच जमवला. मिनी-आयटीएक्स बोर्ड १७० मिलिमीटर लांब आणि तेवढाच रुंद असतो, म्हणून त्यावर ग्राफिक्स कार्डासाठी एकच स्लॉट मिळतो. जे कार्ड निवडाल, त्याच्याशी लग्न लागले असे समजावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानदार एनव्हिडियाचे १०६० घेण्याचा आग्रह धरत होते, कारण त्या किमतीत खेळांसाठी तेच सर्वांत चांगले होते. पण २०१८ च्या मोजावे या आवृत्तीपासून एनव्हिडियाच्या मॅक्सवेल आणि पास्कल (१०६० याच पिढीचे) या पिढ्यांसाठी मॅकओएसवर ड्रायव्हर आलेच नाहीत, त्यामुळे मी एका पंख्याचे, आखूड असे एएमडीचे आरएक्स ५७० घेतले. पुढे त्याच जागी आरएक्स ६६०० बसवले. हे कार्ड मॅकओएस १२.१ पासून कोणत्याही खटपटीविना ओळखले जाते आणि वीजही कमी खाते, ही लहान कॅबिनेटमध्ये मोठीच सोय आहे. प्रोसेसरमधील यूएचडी ६३० हे ग्राफिक्स मी बंद केलेले नाही. त्याला मॉनिटर न जोडता ते केवळ व्हिडिओच्या एन्कोडिंगसाठी राखून ठेवले, तर फायनल कटमधील एक्स्पोर्टचा वेग चांगलाच वाढतो.

खरा वेळ खातात ते यूएसबी पोर्ट. मॅकओएस एका कंट्रोलरवर १५ पोर्टच मानते आणि निळ्या रंगाचे यूएसबी ३ चे प्रत्येक सॉकेट दोन पोर्ट म्हणून मोजले जाते, एक जुन्या वेगाचा आणि एक नव्या. शिवाय वाय-फाय कार्डावरील ब्लूटूथ आतल्या आत यूएसबीनेच जोडलेले असल्याने तेही या हिशेबात येते. आधी यूएसबी २ चा आणि मग यूएसबी ३ चा असे दोन पेनड्राइव्ह प्रत्येक सॉकेटमध्ये लावून कोणता क्रमांक उजळतो हे कागदावर उतरवायचे आणि लागतात तेवढेच पोर्ट ठेवून नकाशा, म्हणजे चालू ठेवायच्या पोर्टांची यादी, तयार करायचा, हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण ते टाळले की यंत्र झोपेतून जागे होत नाही किंवा ब्लूटूथ मध्येच नाहीसे होते. मर्यादा उठवणारा जुना पॅच मॅकओएस बिग सर ११.३ पासून निकामी झाला आहे, त्यामुळे नकाशाला पर्याय राहिलेला नाही.

वाय-फायची कथा याहून लांब आहे. बोर्डासोबत आलेले इंटेलचे कार्ड मागच्या पोर्टांशेजारी एका धातूच्या खाचेत उभे बसवलेले होते. बोर्ड बाहेर काढून, तांदळाएवढा स्क्रू जपून ठेवत मी तेथे ब्रॉडकॉमचे कार्ड बसवले आणि एअरड्रॉप, हँडऑफ हे सगळे अस्सल मॅकसारखे चालू लागले. २०२३ मध्ये सोनोमा ही आवृत्ती आली आणि ॲपलने नेमके याच कार्डांचे ड्रायव्हर काढून टाकले. आता ओपनकोअर लेगसी पॅचर या साधनाने ते परत बसवावे लागतात, त्यासाठी प्रणालीचे अंगभूत संरक्षण काही प्रमाणात सैल करावे लागते आणि दर अपडेटनंतर पॅच पुन्हा लावावा लागतो. ज्यांना एअरड्रॉप नको आहे, त्यांनी इंटेलचे मूळ कार्ड ठेवून त्यासाठीचे मुक्त ड्रायव्हर वापरावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

नागपूर

मी कोणतेही यंत्र बांधले नाही. कंपन्यांचे तीन-चार वर्षांचे भाडेकरार संपले की एक लिटर आकाराचे संच रिफर्बिश्ड बाजारात ढिगाने येतात, त्यांतला लेनोव्होचा एम७२०क्यू मी घेतला. त्यात आय-५ ८५००टी हा ३५ वॅटचा प्रोसेसर आहे. विदर्भातील मे महिन्यात कूलरसमोर बसूनही खोली तापलेली असते, तेव्हा टी अक्षराचा प्रोसेसर घेण्याचे शहाणपण पटते. नेहमीचा ६५ वॅटचा प्रोसेसर एवढ्या जागेत तग धरून पूर्ण वेगाने चालत नाही.

कार्यालयीन संचांची अडचण बायोसमध्ये असते. सीएफजी लॉक (प्रोसेसरच्या ऊर्जा-नियंत्रणाच्या नोंदीवरील कुलूप) उघडण्याचा किंवा ग्राफिक्ससाठी राखीव मेमरी वाढवण्याचा पर्याय बहुधा तेथे दिसतच नाही. पहिल्यासाठी ओपनकोअर या मॅकओएस सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममधील एक्ससीपीएमविषयीचा (ऊर्जा-नियंत्रणाचा) क्वर्क, म्हणजे अडचण टाळणारा पर्याय, चालू करावा लागतो आणि दुसऱ्यासाठी फ्रेमबफरची (पडद्यावरील चित्रासाठीची) मेमरी कमी असल्याचे व्हॉटेव्हरग्रीन या ग्राफिक्सच्या पूरक ड्रायव्हरमार्फत सांगावे लागते. माझ्याकडे प्रणाली सुरू होत असे, लॉगिनचा आवाजही येई, मात्र एचडीएमआयवर पडदा काळाच राही. यूएचडी ६३० चे कनेक्टर मुळात डिस्प्लेपोर्ट समजले जातात, त्यांतील योग्य कनेक्टरचा प्रकार एचडीएमआय असा बदलल्यावर चित्र उमटले. हे सर्व होईपर्यंत दुसऱ्या संगणकावरून स्क्रीन शेअरिंगने आत शिरता आले, म्हणून नवख्यांनी ती सोय आधीच चालू करून ठेवावी.

मडगाव, गोवा

माझे काम ध्वनिमुद्रणाचे असून लॉजिक प्रोवर चालते. इंटेलचा एनयूसी८आय५बीईएच हा संच त्यासाठी घेतला. आयरिस प्लस ६५५ ग्राफिक्स मॅकओएसला मानवते आणि आकार तळहाताहून थोडा मोठा. मात्र अशा लहान यंत्राचा पंखाही लहान असतो आणि भार पडला की तो चिरक्या आवाजात फिरतो. घुमट या तालवाद्याचे मुद्रण करताना हात उचलल्यानंतरची घुमणारी आस, म्हणजे रेंगाळणारा नाद, मायक्रोफोन टिपत असतो आणि त्या आसेतच पंख्याची शीळ मिसळते. यंत्र भिंतीपलीकडच्या खोलीत ठेवून मॉनिटरची लांब केबल आणि यूएसबीची रिपीटर असलेली केबल तेवढी आत घेतली, हाच उपाय लागू पडला. पंख्याचा वेग सॉफ्टवेअरने कमी करून यंत्र तापवण्यात अर्थ नाही.

टाहोमध्ये ॲपलने जुना एचडीए ध्वनीचा ड्रायव्हर काढला आहे, त्यामुळे बोर्डावरील हेडफोनच्या छिद्रातून आवाज येणे बंद होते. माझा आवाज यूएसबी इंटरफेसमधून जातो आणि तो क्लास कंप्लायंट, म्हणजे वेगळा ड्रायव्हर न लागणारा, असल्याने मला याची झळ लागली नाही.

बेंगळुरू

मी मूळची सोलापूरची असून येथे आयफोनची ॲप्स लिहिते. आमच्यासारख्यांना अपग्रेड करायचे की नाही हे ठरवण्याची मुभा नसते. २४ एप्रिल २०२५ पासून ॲप स्टोअरवर पाठवायचे ॲप किमान एक्सकोड १६ ने (ॲप बांधण्याच्या ॲपलच्या साधनाने) बांधलेले असणे ॲपलने बंधनकारक केले आणि एक्सकोड १६ साठी किमान सोनोमा १४.५ लागते. माझे यंत्र तोवर माँटेरे या जुन्या आवृत्तीवर सुखाने चालले होते.

या कामाचा एक क्रम मी ठरवून घेतला आहे. चालू ईएफआय फोल्डर (ज्यात ओपनकोअर आणि त्याची मांडणी असते) आधी पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून बूट होते हे पाहायचे, मग ओपनकोअर आणि सर्व केक्स्ट (मॅकओएसचे ड्रायव्हर) मॅकओएसच्या जुन्याच आवृत्तीवर अद्ययावत करायचे, आणि ते नीट चालल्याची खात्री पटल्यावरच मॅकओएसला हात लावायचा. दोन्ही एकदम बदलले की दोष कुठे आहे हे कळायला मार्ग उरत नाही. उदाहरणार्थ, मॉडेल ओळखीचा, म्हणजे आपण कोणता मॅक आहोत असे यंत्र मॅकओएसला सांगते याचा, प्रश्न घ्या. माझे यंत्र स्वतःला आयमॅक १९,१ (२०१९ चा आयमॅक) म्हणवत होते आणि ती ओळख टाहोच्या आधीच्या सिक्वोया आवृत्तीपर्यंत चालते. टाहो मात्र इंटेलपैकी २०१९ चा मॅक प्रो, २०२० चा २७ इंची आयमॅक, २०१९ चा १६ इंची मॅकबुक प्रो आणि २०२० चा चार थंडरबोल्ट पोर्टांचा १३ इंची मॅकबुक प्रो एवढ्यांनाच स्वीकारते. म्हणून ओळख आयमॅक २०,१ (२०२० चा २७ इंची) केली, तर यूएसबीचे बरेच पोर्ट गप्प झाले, कारण माझ्या नकाशाच्या केक्स्टमध्ये जुन्या मॉडेलचे नाव लिहिलेले होते. ते नाव बदलताच पोर्ट परतले. अनुक्रमांक नवा झाल्याने आयक्लाउडमध्येही यंत्र नवे म्हणून पुन्हा नोंदवावे लागले. हे आधी ठाऊक असले की घाबरायला होत नाही.

ठाणे

बेंगळुरूच्या ताईंनी सांगितलेल्या क्रमाला माझी पुरवणी. यूएसबी टूलबॉक्स या साधनाचे स्वतःचे केक्स्ट वापरून नकाशा केला, तर तो मॉडेलच्या नावावर अवलंबून राहत नाही आणि ओळख बदलल्यावर काही करावे लागत नाही.

धागा वाचून दोघांनी व्यक्तिगत निरोपातून बाराव्या पिढीच्या आय-५ १२४०० विषयी विचारले, म्हणून येथेच लिहितो. त्याला दहाव्या पिढीचा असल्याचे भासवून चालवता येते, परंतु अकराव्या पिढीपासून पुढच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतील ग्राफिक्स मॅकओएस ओळखत नाही, त्यामुळे स्वतंत्र कार्ड अपरिहार्य ठरते आणि लहान कॅबिनेटमध्ये गाडी तेथेच अडते. बारीक कॅबिनेटमध्ये मावणारी अर्ध्या उंचीची आरएक्स ६४०० कार्डे दुकानात सहज दिसतात, पण ती मॅकओएसवर चालत नाहीत. ६५०० एक्सटीचेही तेच. आरएक्स ५५० घेताना तर अधिक सावध असावे, कारण त्या एकाच नावाखाली बॅफिन आणि लेक्सा अशा दोन वेगळ्या चिप विकल्या गेल्या आणि त्यांतली बॅफिनच उपयोगी आहे. खोक्यावरून हा फरक कळत नाही. विक्रेत्याकडून विंडोजमधील जीपीयू-झेड या, कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा स्क्रीनशॉट मागवावा आणि तो द्यायला टाळाटाळ झाल्यास कार्ड घेऊ नये.

रत्नागिरी

मी या वाटेवरून बाजूला झालो आहे. २०२४ च्या अखेरीस एम४ मॅक मिनी ५९,९०० रुपयांना आला, १६ जीबी मेमरीसह, १२.७ सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात. माझ्या पेटीतल्या सुट्या भागांची बेरीज त्याहून फारशी कमी भरत नव्हती आणि दर अपडेटला धास्ती वेगळी. बदल्यात जे गमावले तेही सांगतो. मिनीची मेमरी नंतर वाढवता येत नाही आणि मोठी एसएसडी ॲपलकडून हवी असल्यास खरेदीच्या वेळीच तिच्यासाठी बाजारभावाच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. जुन्या यंत्रात मी हवी तेव्हा साधी एनव्हीएमई एसएसडी टाकत होतो. ते यंत्र आता लिनक्सवर घरातील फोटो आणि हिशेब सांभाळते.

कोल्हापूर

माझा अनुभव उलट्या दिशेचा आहे. आमच्या छपाईच्या कामात जुन्या फाँटांत जुळवलेल्या मराठी पुस्तकांच्या फाइली अजून येतात आणि त्या उघडणारे पानजुळणीचे सॉफ्टवेअर ३२ बिटांचे आहे. २०१९ च्या कॅटलिनापासून मॅकओएसने ३२ बिटांची सॉफ्टवेअर चालवणे बंद केले, त्यामुळे मी ठरवून हाय सिएरा या जुन्या आवृत्तीवर थांबलो. बारीक कॅबिनेटमध्ये सहाव्या पिढीचा आय-५ आणि अर्ध्या उंचीचे जीटीएक्स १०५० टीआय कार्ड आहे. एनव्हिडियाचे वेब ड्रायव्हर (एनव्हिडियाने स्वतः दिलेले) चालणारी हीच शेवटची आवृत्ती. सुरक्षेचे अपडेट केव्हाच थांबल्याने या यंत्राला इंटरनेट जोडलेले नाही आणि फाइली दुसऱ्या संगणकावर तपासून पेनड्राइव्हने आणतो. युनिकोडमध्ये रूपांतर करून पाहिले, पण जोडाक्षरे आणि रफार जागोजागी फुटतात आणि चारशे पानांचे पुस्तक पुन्हा वाचून दुरुस्त करण्याचे पैसे प्रकाशक देत नाही.

सध्या कार्डाचा पंखा घरघरू लागला आहे. पूर्ण उंचीची १०५० टीआय कार्डे मिळतात, मला अर्ध्या उंचीचेच हवे आहे. कोणाकडे चालू स्थितीत असल्यास, किंवा त्याचा नुसता पंखा पुण्यात तापकीर गल्लीत मिळत असल्यास, कृपया येथे कळवावे.