शाळेत निवासी चित्रकार म्हणून रुळताना

प्रश्न: जूनमध्ये कोथरूडच्या एका शाळेत निवासी चित्रकार म्हणून, म्हणजे मुलांच्या सहवासात शाळेतच स्वतःचे चित्रकाम करण्यासाठी, रुजू झाले, परंतु एखादे शिक्षक रजेवर असले की मला त्यांच्या वर्गावर पाठवले जाते आणि स्वतःचे चित्र अपुरेच राहते. काय करावे?

प्रतिसाद १: प्रत्येक शाळेत निवासी कलाकार असावा, हे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील उद्दिष्ट मुलांना कलेचा सहवास मिळावा म्हणून आहे, तेव्हा मुख्याध्यापकांशी बोलून आपल्या चित्रकामाचे तास वेळापत्रकातच नोंदवून घ्यावेत.

प्रतिसाद २: दार मात्र उघडे ठेवा. मधल्या सुट्टीत डोकावणारी मुले रंग कसा कालवतात हे पाहतात, आणि माझ्या मते खरे शिक्षण तेच. जमल्यास त्यांना कसबा पेठेतील तांबट आळीत न्या. तेथील कारागिरांचे मठारकाम, म्हणजे तांब्याच्या भांड्यांवर हातोडीने ठोके देण्याचे काम, पाहण्यासारखे आहे.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. वेळापत्रकाविषयी उद्याच बोलते.